वितोकाकांचं अंजीर पुरताना

परवा सकाळी ऑफिसला निघाले, तर गाडीची काच पांढरीफटक. दव गोठून बसलेलं. ते खरवडत होते तेवढ्यात शेजारच्या दारातून हाक आली, "सुनंदा! झाड!" एवढंच. रोझामावशी जास्त बोलत नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या, इटालियन, आणि माझी मावशी वगैरे काही नाही. पण न्यू जर्सीत, आयसेलिनमध्ये, आम्ही हे घर घेतलं तेव्हा माझ्या मुलीने त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न होता, आणि म्हाताऱ्या माणसांना नुसत्या नावाने हाक मारलेली मला खपत नाही. मग त्या रोझामावशी झाल्या आणि त्यांचे यजमान वितोकाका. त्या दोघांनीही कधी हरकत घेतली नाही. काका या जूनमध्ये गेले. झाड त्यांचं आहे, अंजिराचं, आणि दर नोव्हेंबरात ते जिवंत पुरायचं असतं.

पुरायचं म्हणजे खरोखरच पुरायचं. इटलीच्या दक्षिणेकडचं झाड ते, न्यू जर्सीच्या थंडीत उभं राहिलं तर मरतं. म्हणून तिकडून आलेली जुनी माणसं पानं गळाली की आधी फांद्यांच्या दोराने मुसक्या बांधतात. मग एका अंगाला माणूस आडवा मावेल एवढा खड्डा खणतात. मग फावड्याची धार बुंध्याशी लावून, त्यावर बूट ठेवून मुळं तोडतात. खड्ड्याच्या बाजूची तोडायची, त्याच्या समोरची तोडायची, दोन्ही कुशींची तेवढी ठेवायची. आणि मग खांदा लावून, शिव्या देत, झाड करकरत जमिनीवर लोळवतात. वर फळ्या, जुने गालिचे, पालापाचोळा, माती. एप्रिलमध्ये उकरून उभं करतात आणि ऑगस्टमध्ये ते मेलं अंजिरांनी लगडतं! हे सगळं मी पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा श्रीला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओरडून सांगितलं होतं, "अरे, धाव, म्हातारा झाडाचा खून करतोय!" मूळ तुटतानाचा तो खच्च आवाज बंद काचेतूनही आत येत होता.

वितोकाका गवंडी होते. विटांचे नव्हे, दगडांचे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवून भिंत रचायची, ही त्यांच्या गावाची कला. एकोणिसाव्या वर्षी बोटीने आले ते हातोडी घेऊनच. भिंतीत घालण्याआधी प्रत्येक दगडावर हातोडीचा एक ठोका मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चांगला दगड खणखणीत बोलतो. आत चीर असेल तर नुसतं थप्प. थप्प आला की काका तो दगड बाजूला टाकायचे नाहीत. तिथल्या तिथे घण घालून त्याचा चुरा करायचे, चुकून उद्या कुणी उचलून भिंतीत घालू नये म्हणून. कपच्या उडायच्या, त्यांच्या हनुवटीला लागायच्या, रक्त यायचं. ते पुसायचेसुद्धा नाहीत.

आमच्या मागच्या अंगणातला उतार थोपवायला त्यांनी एक भिंत बांधली. मी त्यांना मदतीला कुणी घ्या म्हणाले, तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प आत आले. चार दिवसांत भिंत कंबरेएवढी झाली. देखणी! मी फोटो काढून मिरजेला आईला पाठवला. पाचव्या दिवशी सकाळी काका आले, भिंतीवर हात फिरवत टोकापर्यंत गेले, परत आले, आणि घण उचलला. धाड! धाड! खालच्या थरातला एक दगड रात्रीतून खचला होता, केसभर. बाकीच्यांना दिसलाही नसता. काका घणावर घण घालत होते आणि त्यांच्या भाषेत शिव्या देत होते. त्या शिव्यांचा अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही, पण मिरजेच्या बाजारात ऐकल्या असत्या तरी लगेच कळला असता. दुपारपर्यंत सगळी भिंत आडवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात. ती भिंत अजून उभी आहे, वादळं आली, बर्फ आलं, तरी.

शेडमागे त्यांचे ससे असायचे. थंडी सुरू झाली की रविवारी एक कापायचे. कापायचे कसले, कान धरून उचलायचे आणि मानेवर तळहाताची कड, एकच फटका. लहान मुलाचं स्वेटर काढावं तसं कातडं डोक्यावरून ओढून काढायचे. मी पूर्वी तोंड फिरवायचे, नंतर नंतर बघत उभी राहायला लागले. त्याच हातांनी ते दर शनिवारी रोझामावशींचे केस धुवायचे. मावशींचा खांदा एकदा निखळला, तेव्हापासून त्यांचा हात वर जात नाही. स्वयंपाकघराच्या सिंकपाशी खुर्ची उलटी ठेवून त्यांना बसवायचे, कोपर बुडवून पाणी किती गरम ते बघायचे, आणि मग ती जाड, चिरलेली, डाव्या अंगठ्याला नख नसलेली बोटं मावशींच्या पांढऱ्या केसांतून इतकी हळू फिरायची, की बघणाऱ्याला झोप यावी. मावशींना जेवायला वाढल्याशिवाय काका पानावर बसत नसत. घराच्या बाबतीत असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना मुलगा आहे हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. सॅल नावाचा. भिंतीवर त्याचा एकच फोटो, शाळेतला. मी एकदा विचारलं तर मावशी उठून गॅसकडे गेल्या आणि काका म्हणाले, "ओहायोला असतो." आवाज असा की पुढे विचारायची सोय नाही.

आता माझं. मी तापट आहे. हे कौतुकाने सांगत नाही, पूर्वी सांगायचे. आमच्या घरात सगळेच तापट. बाबा शाळामास्तर, निरगुडीचा फोक दाराच्या वर खोचलेला असायचा आणि तो नुसता शोभेला नव्हता. मला मारलेलं मी हसत हसत सांगायचे. "बाबांनी असं सोलून काढलं ना, म्हणून आज अमेरिकेत आहे." मंडळाच्या गणपतीत आम्ही सगळ्या बायका जेवणाच्या रांगेत हेच बोलायचो. कुणाला चिमटे, कुणाला कानफटात, कुणाला कोंडून ठेवलेलं. आणि खिदळायचो. नव्या आलेल्यांना सांगायचोही, "यार, इथे मुलांवर हात उचलायचा नाही हं, पोलीस येतात." म्हणजे पोलीस येतात म्हणून उचलायचा नाही. दुसरं काही कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सोळा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. माझी रेवा पंधरा वर्षांची होती. मी मागच्या अंगणात पानं गोळा करत होते. श्री ऑफिसच्या कामाला सांता क्लाराला गेलेला. फोन आला शाळेतून, की गणिताच्या दोन्ही परीक्षांत रेवा नापास आहे आणि त्या कागदांवर तुमच्या सह्या आहेत. मी सह्या केल्याच नव्हत्या. रेवा बसमधून उतरून मागच्या फाटकाने आली. मी विचारलं. ती म्हणाली, "इट्स नॉट अ बिग डील, आई." तळपायाची आग मस्तकात गेली. पानं ओढायचा दाताळा हातातच होता. मी तो उलटा धरला आणि दांडा घातला तिच्या दंडावर. ती ओरडली, वळली, मी पाठीत घातला. आणखी एक. ती खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, तरी माझा हात वर गेलेलाच होता. तेवढ्यात मला कुंपणापलीकडे शिडी दिसली. वितोकाका शिडीवर उभे होते. अंजिराच्या फांद्या बांधायला चढले होते. दोर तोंडात धरलेला. मी हात खाली घेतला आणि रेवाला म्हणाले, "चल आत, तमाशा नको."

लाज वाटली का तेव्हा? खरं सांगते, नाही वाटली. चिडचिड वाटली, की नेमका आत्ताच म्हातारा शिडीवर कशाला चढला.

दोन दिवसांनी शाळेत खेळाच्या तासाला कुणीतरी रेवाचा दंड पाहिला. हिरवा-काळा झाला होता. बुधवारी दुपारी एक सरकारी बाई दारात. शांत, सभ्य, हातात वही. मी तिला चहा दिला, बाकरवडी दिली. आमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं, श्री इथे नव्हता, आणि डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आपटत होती, की ही बाई माझी मुलगी घेऊन जाणार. मी सांगितलं, "ती अंगणात पाय घसरून पडली, दाताळ्यावर." बाईंनी रेवाकडे बघितलं. रेवाने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाली, "येस. आय फेल." मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पोरगी माझीच, असं वाटलं. बाई म्हणाली, शेजाऱ्यांशी थोडं बोलते. मी म्हटलं, खुशाल बोला. मला काय काळजी? ज्या घरात माझ्या हातच्या पुरणपोळ्या जातात, जिथल्या मावशींना मी दर महिन्याला डॉक्टरकडे नेते, ते घर माझ्या विरोधात बोलेल? आमच्या मिरजेच्या गल्लीत असं कधी झालंच नव्हतं. कुणाच्या घरातून कितीही आरडाओरडा आला तरी बाहेरच्यांनी विचारलं की सगळी गल्ली एका तोंडाने म्हणायची, आम्ही काही ऐकलं नाही. त्याला आम्ही शेजारधर्म म्हणायचो.

वीस मिनिटांनी बाई परत आली. बसली नाही. म्हणाली, "तुमचे शेजारी म्हणतात, त्यांनी पाहिलं. तीन वेळा. आणि थांबला नसता तुमचा हात, असंही ते म्हणतात."

ती गेल्यावर मी चपला न घालता अंगण ओलांडलं. जमीन बर्फासारखी गार होती, मला जाणवलीही नाही. वितोकाका खड्ड्यात उभे राहून मुळं तोडत होते. मी काय काय बोलले! इंग्लिशमध्ये सुरुवात केली आणि मराठीत शिरले. "खाल्ल्या घरचे वासे मोजता? माझी पोरगी नेतील उद्या! तुमचं काय वाकडं केलं होतं मी? तुमचे दात घशात घालीन!" पायाखालची ढेकळं उचलून मी त्यांच्या अंगावर फेकली. एक छातीवर लागलं, एक कपाळावर. ते तसेच उभे. मग मी पुन्हा इंग्लिशमध्ये ओरडले, "पोरगी स्वतः म्हणाली ना की पडले म्हणून! तिची तक्रार नाही, तर तुम्ही कोण मध्ये बोलणारे?"

तेव्हा त्यांनी फावडं सोडलं.

"ती पडले म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो!"

ते खड्ड्याच्या काठावर बसले. कपाळावरची माती तशीच. त्यांच्या त्या तुटक्यातुटक्या इंग्लिशमध्ये जे म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगू शकत नाही, पण विसरलेही नाही. सॅल चोवीस वर्षांचा होता, बापाच्या हाताखाली काम शिकत होता. एका भिंतीच्या पोटात त्याने दगडांऐवजी कपच्या भरल्या. दिवस संपत आला होता, घाई होती. काकांनी बाहेरून हातोडी मारली, आतून थप्प आला. सॅलचा उजवा हात भिंतीवर टेकलेला होता. काकांनी हातोडी तशीच त्या हातावर घातली. एकदा नाही. दोनदा. "चिरलेल्या दगडाला घालतो ना, सिन्योरा, तशी."



"डॉक्टरने विचारलं. रोझा म्हणाली, दगड पडला. माझा सोबती म्हणाला, दगड पडला. मग सॅलला विचारलं. तो म्हणाला, दगड पडला. माझ्याकडे न बघता. मला बरं वाटलं. वाटलं, माझं पोर आहे." त्यांनी फावडं जवळ ओढलं. अंगठ्याने फावड्याची धार चाचपत राहिले. "महिन्याने तो गेला. तीन बोटं अजून मिटत नाहीत त्याची. एकाने जरी सांगितलं असतं ना, की वितोने मारलं, तर मला तुरुंग झाला असता. मुलगा राहिला असता कदाचित."

"माझी मुलगी नेली तर?" मी विचारलं.

"मग तू माझं डोकं फोड," ते म्हणाले आणि खाली उतरून पुन्हा फावड्यावर बूट ठेवला. मी तिथेच उभी राहिले. एक मूळ तुटलं, दुसरं तुटलं. पाय बधिर झाले तेव्हा घरी आले.

रेवाला नेलं नाही. पण महिनोन् महिने ती बाई येत राहिली, आणि दर मंगळवारी संध्याकाळी मला एका वर्गाला जावं लागलं. तिथे गोल करून बसायचं आणि आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. पहिले सहा मंगळवार मी "ती पडली, ती पडली" हेच धरून बसले. सातव्या मंगळवारी म्हणाले, "मी मारलं." घरी येऊन रेवालाही म्हणाले. ती वही बंद करून म्हणाली, "आय नो, आई. आय वॉज देअर." मग रडली, मीही रडले. मैत्रिणींनी फोनवर काकांचा उद्धार केला. "कसला शेजारी गं हा! बोलणंच टाक त्याच्याशी." टाकलं. दीड वर्ष टाकलं. त्यांची गाडी दिसली की मी पडदा ओढायचे. पुढे एका सकाळी मावशी जिन्यावरून पडल्या, काकांनी आमचं दार बडवलं, मी किल्ल्या घेऊन धावले, आणि गाडीत बसल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोलतोय. तेव्हापासून अंजीर पुरायला दुसरा खांदा माझा. माफ केलं वगैरे म्हणणार नाही. त्या माणसाचा मला राग येत राहिला, आणि त्याच्याशिवाय माझं पानही हलत नव्हतं. दोन्ही खरं आहे.

जूनमध्ये काकांना पोचवायला सॅल आला होता. पन्नाशीतला माणूस, बापासारखाच रुंद. चर्चच्या आत आला नाही. गाड्या लावतात तिथे उभा राहिला, उजवा हात खिशात. मावशी बाहेर गेल्या, त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने तो गाडीत बसून निघून गेला. मी त्याला सांगणार होते, की तुझ्या बापाने माझी मुलगी राखली. पाय पुढे गेलाच नाही. त्याच्या बापाने त्याच्यासाठी काय राखलं होतं, असं त्याने विचारलं असतं तर?

आणि राखली हे खरंच आहे. रेवा आता पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला असते, एका लॅबमध्ये काम करते. दर रविवारी फोन करते, स्वतःहून. थँक्सगिव्हिंगला येते. यंदा आठवडाभर आधीच आली, तिच्या दोन वर्षांच्या लेकीला, मिहिकाला घेऊन. वितोकाका त्या दिवशी गप्प बसले असते, तर रेवाही केव्हाच सॅलसारखी कायमची कुठेतरी निघून गेली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी तिला कधी विचारलं नाही, विचारायची गरज नाही.

काल सकाळी आम्ही दोघी झाड पुरायला गेलो. रोझामावशी शाल पांघरून खुर्चीत, काठीसारख्या ताठ, सूचना देत. यंदा पहिल्यांदाच काका नव्हते, म्हणून सगळंच चुकत होतं. दोर निसटत होता. खड्डा आखूड झाला म्हणून पुन्हा खणला. मी मुळं तोडायला घेतली. खच्च. खच्च. हाताला फोड आले, कपाळावरून घाम डोळ्यांत. एक जाडजूड मूळ काही केल्या तुटेना. मी संतापून फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि घालायला लागले. "तूट ना मेल्या! तूट!" असं ओरडत. त्याच वेळी मिहिका आजीकडे दुडुदुडु धावत आली, थेट खड्ड्याच्या काठावर.

मी फावडं टाकलं. "ए!" असं किंचाळून तिला मागे ढकलायला हात उचलला.

रेवा पलीकडच्या काठावर दोर धरून होती. तो सोडून तिने खड्ड्यावरून उडीच मारली. मिहिकाला उचललं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून, खांदे आवळून उभी राहिली. वाट बघत.

माझा हात हवेतच राहिला.

"अगं, ती पडली असती," मी म्हणाले. "मी तिला मारणार नव्हते गं. रेवा. मी मारणार नव्हते."

तिने हळूहळू खांदे सैल केले. वळली. तिचंच तोंड पांढरं पडलं होतं, माझ्यापेक्षा तीच ओशाळली होती. "आय नो, आई," ती म्हणाली. "खरंच, आय नो. सॉरी."

सॉरी! ती मला सॉरी म्हणाली. मला वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की तिथेच मातीत बसावंसं वाटलं. पण मावशी ओरडल्या, की झाड अर्धवट सोडलंत तर मुळांना गारठा लागेल. मग मी फावडं उचललं, ते मूळ तोडलं, खांदा लावला. रेवाने दोर ओढला. एका हाताने. झाड करकरत खाली आलं, फळ्या पडल्या, गालिचे पडले, वर माती ओढून झाली. दीड तास लागला. तेवढा वेळ दुसऱ्या हातावर मिहिका होती. मी दोनदा म्हणाले, हात भरून येईल, ठेव तिला खाली, मावशींपाशी खेळू दे. रेवा हो म्हणाली, आणि ठेवली नाही.